काकूंना न सापडलेला बिघाड

शैलजाकाकू गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. फेब्रुवारीतली सकाळ होती आणि साउथहॅम्प्टनवर असं धुकं उतरलं होतं की समोरच्या घराचं दार तेवढं दिसत होतं, घर दिसत नव्हतं. बंदरातून एखादं जहाज मधूनच भोंगा देत होतं. फोनवर अनघा होती, काकूंची मुलगी, बर्मिंगहॅमला बँकेत असते. "केतकी, आई गेली. सकाळी किचनमध्ये कोलॅप्स झाली. बाबांनी सीपीआर दिला, सगळं बरोबर केलं त्यांनी, पण..." फोन ठेवल्यावर त्या धुक्यात किती वेळ उभी होते कोण जाणे. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात, देव आठवतो म्हणतात. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते फार आपमतलबी होतं. मला वाटलं, आता माफी मागायची राहिली ती राहिलीच.

माफी कशाची, ते सांगायचं तर आधी काकू कोण होत्या ते सांगायला हवं. मी पुण्याची, नऊ वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर इथे आले. सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे इतरांनी केलेल्या कामात चुका शोधण्याचा पगार घेणारी. पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एकाची जुनी डिझेल गाडी घेतली आणि पहिल्याच थंडीत, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमानंतर, शाळेच्या हॉलबाहेर तिने मान टाकली. भोवती लगेच पुरुषमंडळी जमली. बॅटरी असेल, पंप असेल, चुकून पेट्रोल भरलंस का... जितकी तोंडं तितकी मतं. तेवढ्यात इरकल साडीवर जाड कार्डिगन घातलेली साठीची एक बाई पुढे आली, हातातली फराळाची प्लेट कोणाच्या तरी हातात दिली आणि मला म्हणाली, "किल्ली फिरव. थांब, दिवा विझू दे. आता मार." इंजिन नुसतंच घरघरलं. ती बाई मागे गेली, सायलेन्सरमधून येणारा धूर बघितला, हुंगलासुद्धा. "धूर पांढरा आहे. म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. हीटर प्लग बघायला लागणार. थांब, मी बघतो." कोल्हापूरकडच्या बायका 'मी बघतो, मी येतो' असं बोलतात हे मी नुसतं ऐकून होते. त्या कार पार्कात, अंधारून येत असताना, मला ते फार धीराचं वाटलं. मग तिने पर्समधून एक छोटा बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी जोडलेल्या होत्या, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई. दिवाळीच्या कार्यक्रमाला टेस्ट लॅम्प घेऊन येणारी बाई मी त्याआधी बघितली नव्हती, त्यानंतरही नाही. दहा मिनिटांत तिला एक गंजलेला जोड सापडला, तो तिने नेलफाइलने घासला आणि गाडी सुरू झाली. पुरुषमंडळी आपापल्या फराळाकडे वळली. तिने मात्र मला पत्ता दिला आणि रविवारी यायला सांगितलं.

ज्यांनी डिझेल गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, काकूंनी मला सांगितलं तसंच. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल तिच्यात पडल्याबरोबर पेटावं, एवढाच त्याचा कारभार. थंडीत मात्र इंजिनाचं लोखंडच ती ऊब खाऊन टाकतं. म्हणून एकेका सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर बसवलेला असतो. इथे त्याला ग्लो प्लग म्हणतात, काकू शेवटपर्यंत हीटर प्लग म्हणायच्या. किल्ली अर्धी फिरवली की बॅटरीतून करंट निघतो, रिले नावाच्या डबीतून प्लगांपर्यंत जातो, काही सेकंदांत ते लाल होतात. समोर वेटोळ्याच्या आकाराचा एक छोटा नारिंगी दिवा लागतो. तो विझला की गाडी सुरू करायची. आपण सगळे त्या दिव्यावर विश्वास ठेवतो आणि तिथेच फसतो, असं काकूंचं म्हणणं. त्यांच्या-माझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो, प्लग तापले की नाही हे त्याच्या गावीही नसतं. "घड्याळात वीस मिनिटं झाली म्हणून भात शिजला असं होतंय होय? खाली गॅस पेटला होता का ते बघायला नको?" हे त्यांनी मला पहिल्या रविवारी सांगितलं आणि पुढच्या नऊ वर्षांत निदान पन्नास वेळा सांगितलं असेल.

काकूंच्या वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटंसं वर्कशॉप होतं. शेतीपंपांची डिझेल इंजिनं तिथे दुरुस्तीला यायची. शाळा सुटली की काकू तिथेच, एका उपड्या डब्यावर बसून अभ्यास करायच्या आणि कान इंजिनांकडे. लग्न झालं ते डॉक्टरांशी. डॉक्टर भूलतज्ज्ञ, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले, उंच, शांत, बोलण्याआधी घसा साफ करणारे. "हे झोपवतात, मी उठवतो," असं काकू पाहुण्यांना सांगायच्या आणि डॉक्टर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. घराच्या ड्राइव्हवेवर रविवारी सकाळी कोणाची ना कोणाची गाडी उभी असायचीच. पोलिश प्लंबरची व्हॅन, शेजारच्या आजोबांची जीप, मंडळातल्या कोणाची तरी सेकंडहँड गाडी. गुडघ्याएवढी उंच बुटं, स्वेटरवर जुना पांढरा लॅबकोट, कपाळावर टिकली आणि कानाला लावलेला एक लांब स्क्रू ड्रायव्हर, दुसरं टोक रिलेवर टेकवलेलं. हे त्यांचं ध्यान कोणी फोटोत पकडायला हवं होतं. आम्ही कोणी पकडलं नाही.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी ऐकायचं, किल्ली फिरवल्यावर रिले 'टक' म्हणतो का. मग सगळ्या प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर टेस्ट लॅम्पची सुई लावायची. लॅम्प लागला तर करंट प्लगांपर्यंत येतोय, मग पट्टी काढून एकेका प्लगची चौकशी. नाही लागला तर प्लगांना दोष देऊ नकोस, मागे मागे जा, वायर बघ, रिले बघ, फ्यूज बघ. विचारल्याशिवाय बदलायचं नाही, हा नियम. चार प्लग बदलून टाकणं कोणालाही जमतं, म्हणायच्या, आणि चांगल्या प्लगला जुन्या इंजिनातून ओढून काढताना तो तुटून आतच राहिला तर बस रडत. हे काम दोघांचं. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं. मी किल्लीवर, त्या बॉनेटखाली. मी "लागला" म्हणायची, दिवा विझला की "विझला" म्हणायची, आणि बॉनेटच्या पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "परत."

त्या रविवारांची आठवण मला नेहमी धुक्यात गुंडाळलेलीच येते, मग ऊन पडलेलं असलं तरी. स्टिअरिंगमागे बसून मी खिडकी थोडी खाली केलेली, बंदरावरून आलेला ओला वारा, उघड्या बॉनेटच्या फटीतून टेस्ट लॅम्पचा पिवळा ठिपका लागतोय, विझतोय... आणि काकू बोलतायत. माझ्याशी की इंजिनाशी, सांगता यायचं नाही. एकदा जहाजाचा भोंगा झाला तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, नदीकाठाने सकाळी इंजिनं सुरू व्हायची, एकेक करून. बाबा अंगणात चहा पीत ओळखायचे, हे अमक्याचं, हे तमक्याचं, आणि याचं उद्या येतंय बघ आपल्याकडे. मग येईच ते. त्या डोळे मिटून हे सांगत होत्या आणि ड्राइव्हवेवर उसाचा, ओल्या मातीचा आणि डिझेलचा वास आल्यासारखं मला वाटलं. मी कोल्हापूरला फक्त एकदा, तेही देवीला, गेले आहे. तरी त्या नदीकाठी मी बऱ्याच वेळा उभी राहिले आहे असं मला आजही वाटतं. एखादा माणूस आपल्याला न बघितलेली जागा देऊन जातो ती अशी.

आता गेल्या हिवाळ्याचं. त्यांची स्वतःची गाडी, वीस-पंचवीस वर्षं जुनी, लांबुडकी, हिरवी, ऑक्टोबरपासून सकाळी सुरू होईना. डॉक्टर रोज आठला गाडी काढून दूध आणि पेपर आणायला जायचे. दुकान खरं तर चालत दहा मिनिटांवर, पण निवृत्तीनंतर तेवढीच त्यांची ड्यूटी उरली होती. ते गाडीत बसायचे, किल्ली अर्धी फिरवायचे, नारिंगी दिवा विझायची वाट बघायचे, स्टार्टर मारायचे. इंजिन घरघरायचं, पांढरा धूर निघायचा. दोनदा, तीनदा. मग ते आत येऊन कोट काढायचे. "नाही झाली." "असू दे," काकू म्हणायच्या, "मी बघतो रविवारी." आणि दोघं चालत दुकानात जायची. मी थट्टा करायची, "काकू, तुमच्या हीटर प्लगनी डॉक्टरांना मॉर्निंग वॉकची सवय लावली." काकू हसायच्या, पण पूर्ण हसायच्या नाहीत.

दर रविवारी त्या बॉनेट उघडून उभ्या राहायच्या. मी नेहमीप्रमाणे किल्लीवर. "लागला. विझला." "परत." त्या बराच वेळ आत वाकलेल्या असायच्या. मी उतरून बघायला गेले की म्हणायच्या, "तू किल्ली सांभाळ." शेवटी बॉनेट खाली टाकायच्या आणि हात पुसत, माझ्याकडे न बघता सांगायच्या, "नाही गं सापडत." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ज्या बाईला अनोळखी गाडीतला बिघाड दहा मिनिटांत सापडायचा तिला स्वतःच्या गाडीतला तीन महिने सापडेना. खिडकीत डॉक्टर उभे असायचे. तेही हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारायचे, मला मधूनच अनघा म्हणायचे. मी टेस्टर ना, मी लगेच रिपोर्ट तयार केला. वय झालं. काकूंचा हात गेला.

बरं, हे मनात ठेवावं की नाही? जानेवारीत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारलं, गाडी थंडीत सुरू होत नाही, काकूंकडे आणू का? त्यावर मी मोठ्या शहाणपणाने लिहिलं, "काकूंना आता त्रास नको देऊया प्लीज, त्यांना हल्ली जमत नाही. मी एका गॅरेजचा नंबर पाठवते." मला त्यात काळजी दिसत होती. काकू त्या ग्रुपवर आहेत हे मी विसरले नव्हते, फक्त त्याचा विचार केला नव्हता. पाच मिनिटांनी खाली काकूंचे जोडलेले हात आले, दोन पिवळे इमोजीचे हात. त्यानंतर ड्राइव्हवेवर कोणी आलं नाही. आणि त्याच महिन्यात माझी गाडी बंद पडली तेव्हा मीही ती गुपचूप गॅरेजला नेली. त्यांनी चारही प्लग बदलले. चार दिवसांनी पुन्हा तेच, सकाळी सुरू व्हायला अर्धा तास.

तिळगूळ द्यायला गेले त्या दिवशी काकूंना माझ्या डिकीत गॅरेजने परत दिलेल्या जुन्या प्लगांचा पुडा दिसला. त्या तो घेऊन किचनमध्ये आल्या. टेबलावर एक जुनी बॅटरी ठेवली, टेस्ट लॅम्पचा चिमटा तिला लावला, आणि एकेक प्लग बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला टेकवून धरत त्याला सुई लावत गेल्या. लॅम्प चारही वेळा लागला. "चारही जिवंत आहेत की गं," त्या म्हणाल्या. "तुझा रिले गेलाय." मग पुडा नीट गुंडाळत, अगदी साध्या आवाजात विचारलं, "माझ्याकडं का नाही आलीस?" मी काय बोलले ते लिहायची मला लाज वाटते. मी म्हटलं, "तुम्हाला कशाला त्रास, काकू. तुमचीच गाडी सापडत नाहीये तुम्हाला..." डॉक्टर समोर बसून तिळगूळ खात होते. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं. "होय," म्हणाल्या, "तेही खरंच." आणि चहा टाकायला उठल्या. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. मीच गेले नाही. जाऊ जाऊ करत तीन आठवडे गेले आणि मग धुक्यातला तो फोन आला.

अनघा आईचे दिवस झाल्यावरही इथेच राहिली, लॅपटॉपवर काम करत, वडिलांवर नजर ठेवत. एप्रिल उजाडला. एका बुधवारी तिचा फोन आला. "शनिवारी ते स्क्रॅपवाला माणूस येणार आहे, कार घेऊन जाईल. बाबांना एक हवंय. ते म्हणतात केतकीला बोलव, जायच्या आधी तिने एकदा बघायला पाहिजे, का स्टार्ट होत नव्हती. आय डोन्ट नो व्हाय, पण रोज विचारतायत." मी शुक्रवारी रजा टाकली. अनघाला मी सांगितलं नाही, पण मलाही ते हवंच होतं. काकूंना काय सापडलं नव्हतं ते मला बघायचं होतं. काहीतरी कठीण, कोणालाही न सापडणारं असू दे, असं मी वाटेत चक्क मागत होते. तसं असेल तर त्यांचा हात गेला नव्हता. आणि साधंच काही निघालं तर मी बरोबर होते... आयुष्यात इतकं चूक ठरावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर तयार होऊन बसले होते, कोट, टाय सगळं. "किल्लीवर मी बसतो," म्हणाले. मी काकूंचा टेस्ट लॅम्प घेतला. थंडी होती, हवा दुधासारखी पांढरी झाली होती, आणि बॉनेट उघडल्याबरोबर तो जुन्या डिझेलचा वास आला तेव्हा मला क्षणभर वाटलं की मी चुकून काकूंच्या जागी उभी आहे, त्यांनी नुसतं आत जाऊन येतो म्हटलंय. "लागला," डॉक्टर आतून म्हणाले. रिले टक वाजला. मी पट्टीवर सुई टेकवली. लॅम्प मेलेला. "विझला," डॉक्टर म्हणाले. "परत," मी म्हटलं. परत तेच. समोरचा दिवा शहाण्यासारखा लागत होता, विझत होता, आणि प्लगांपर्यंत काहीही येत नव्हतं. इथवर नवशिक्यालाही कळलं असतं. प्लगांना दोष द्यायचा नाही, मागे मागे जायचं. मी दहाचा पाना घेतला आणि रिलेवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं.

रिलेला दोन बोल्ट असतात. एकावर बॅटरीकडून येणारी जाड वायर होती. दुसऱ्यावर, जिथून प्लगांकडे वायर जायला हवी, तिथे वायरच नव्हती. नुसता नट होता, नीट, पूर्ण आवळलेला. मी बोटांनी खाली चाचपलं. वायर तिथेच होती, मागे वळवून, दुसऱ्या वायरींच्या जुडग्यात खोचलेली. तिच्या टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळली होती, तीन वेढे, शेवट चिमटून दाबलेला, कुठे धातूला टेकून ठिणगी उडू नये म्हणून. बिघाड असा नसतो. बिघाडाला गंज असतो, जळका वास असतो, तुटलेली कड असते. हे कोणीतरी हाताने, सावकाश, काळजीने केलेलं होतं. आणि ती चिकटपट्टी गुंडाळायची पद्धत मी नऊ वर्षं बघत आले होते.

मी बॉनेटखालीच थांबले. बाहेर येऊन या माणसाला काय सांगणार? तुमची गाडी तुमच्याच बायकोने बंद पाडून ठेवली होती? तीन महिने ती दर रविवारी बॉनेट उघडून खोटं खोटं शोधत होती? सापडलं नाही म्हणावं, झाकण लावावं, उद्या गाडी जाईल, संपलं... तेवढ्यात डॉक्टर उतरून शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "नट परत लावलाय का तिने?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी वाकून बघितलं, बोटाने त्या नटाला स्पर्श केला आणि हळूहळू सांगू लागले. ऑक्टोबरात एका सकाळी ते दुधाला म्हणून निघाले आणि हॉस्पिटलच्या स्टाफ पार्किंगला पोचले. तीस वर्षांच्या जागेवर गाडी लावून, टाय नीट करून, ऑपरेशनची लिस्ट कधी सुरू होतेय याची वाट बघत बसले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली हे त्यांना आठवत नव्हतं. सिक्युरिटीच्या माणसाने घरी फोन केला. काकू टॅक्सी करून गेल्या, शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, आज लिस्ट कॅन्सल झाली, चला घरी. वाटेत त्यांना सगळं आठवलं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. "दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं. ती हे झाकण काढत होती. मग गाडी सुरू झाली नाही. मला कळलं. किल्ली काढून घेतली असती तर मी भांडलो असतो. अनघाला सांगितलं असतं तर मी... बिघाड झाला म्हटल्यावर कोणाशी भांडणार? मी रोज जाऊन बसायचो. दिवा लागायचा, विझायचा. मग आम्ही चालत जायचो. तिने मला सांगितलं नाही, मी तिला सांगितलं नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?" मी विचारलं. रागाने नाही, पण आवाज चढलाच माझा. ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी फार सोपी गोष्ट विचारली आहे. "खात्री नव्हती," म्हणाले. "हल्ली मला बरंच काही आठवतं, झालेलं आणि न झालेलं. वाटायला लागलं, हेही मीच रचलंय. आपली बायको आपल्यासाठी असं काही करेल, हे माणूस स्वतःच्या समाधानासाठी रचू शकतो की नाही?" मी तिथेच, त्या ड्राइव्हवेवर, इंजिनावर डोकं टेकून रडले. त्यांच्यासाठी रडले, आणि 'होय, तेही खरंच' म्हणून चहा टाकायला उठलेल्या त्या बाईसाठी रडले. नवऱ्याची अब्रू राखायला तिने आपल्या हाताची अब्रू सोडून दिली, सगळ्या मंडळासमोर, माझ्या त्या मेसेजखाली हात जोडून. एका वाक्यात ती मला गप्प करू शकली असती. डॉक्टर समोर बसले होते, म्हणून तिने ते वाक्य गिळलं. काकू, मी चुकले. समोरचा दिवा बघून मी निकाल दिला, तुम्हाला विचारलंच नाही. याला माफी आहे की नाही मला माहीत नाही, पण मागितल्याशिवाय राहवत नाही.

अनघाला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती आधी चिडली, मग जिन्यात बसून राहिली. गाडी चालवता येत नाही हे लायसन्सवाल्यांना कळवायला हवं होतं, आईने हे असं लपवायला नको होतं, असं ती म्हणाली आणि ते बरोबरच आहे. काकूंनी केलं ते नियमात बसणारं नव्हतं. त्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतः लायसन्स परत पाठवायला पाकिटात घालून दिलं. स्क्रॅपवाल्याला अनघाने फोन करून नको म्हणून सांगितलं. वायर मी जोडली नाही. झाकण लावताना मी विचारलं, हे मी कुठे लिहिलं तर चालेल का? काकूंच्या हाताबद्दल मी लोकांना चुकीचं सांगितलंय, ते मला दुरुस्त करायचं आहे. डॉक्टर म्हणाले, "लिही. लवकर लिही. मी विसरलो की मला वाचायला लागेल."

म्हणून हा लेख. पाठवण्याआधी गेल्या रविवारी त्यांना वाचून दाखवायला गेले. अनघा म्हणाली, ते गाडीत आहेत. ते ड्रायव्हरच्या सीटवर होते, कोट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी बसले. काचा आतून धुरकटल्या होत्या, बाहेरची बाग, रस्ता, सगळं पुसट झालेलं. मी वाचू लागले. ते समोर बघत ऐकत होते, 'हे झोपवतात, मी उठवतो' ला हसले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. झाकण काढलं, नट दिसला, वायरीला गुंडाळलेली चिकटपट्टी सापडली, इथपर्यंत मी आले तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की त्यांना यातलं काहीही आठवत नाहीये.

"असं केलं होतं तिनं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"माझ्यासाठी?"

"हो, काका."

ते धुरकटलेल्या काचेकडे वळून म्हणाले, "तेवढं परत वाच." मी परत वाचलं.